कापणीच्या तोंडावर पाऊस: उभं धान, आडवं धान, भिजल्या कडपा

बांधीकाठ | १ नोव्हेंबर २०२५

मंडळी, पंचनाम्याची बोंब वेगळ्या धाग्यावर चालू आहे, तिथंच चालू द्या. हा धागा पिकाबद्दल.

२८ ऑक्टोबरच्या रात्री मोंथा वादळ आंध्रच्या किनाऱ्याला लागलं आणि त्याचं उरलंसुरलं आपल्या पूर्व विदर्भावर येऊन रिकामं झालं. आमच्याकडे, म्हणजे लाखांदूर तालुक्यात, धान तीन अवस्थांत होतं. हलकं, म्हणजे लवकर येणारं, धान कापून कडपा (कापून आडवं पसरलेलं धान) बांधीतच, म्हणजे बांध घातलेल्या शेतातच, वाळत पडल्या होत्या. मध्यम धान पिवळं होऊन विळ्याची वाट पाहत उभं होतं. खालच्या खोलगट बांध्यांत जड, म्हणजे उशिरा येणारं, धान, लोंबी भरलेली पण अजून हिरवट. पाऊस तिघांवर सारखाच पडला, नुकसान मात्र तीन तऱ्हेचं दिसून राहिलं.

जड धान वाकलं, पण तग धरून आहे. मध्यम धान वाऱ्यानं पार झोपलं, काही लोंब्या पाण्यात आहेत. सगळ्यात वाईट हाल कडपांचे. आज एक कडप उलटवून पाहिली. वरून अशी पिवळीधमक की रस्त्यानं जाणारा म्हणेल, याचं काहीच गेलं नाही. खालची बाजू मात्र चिखलाला चिकटलेली. ओढली तर टरटर आवाज आला. दाण्यांतून सुतासारखी पांढरी मुळं निघून सरळ मातीत शिरली होती.

विचारायचं हे की यातलं काय वाचतं? कडपा आत्ताच उचलून धुऱ्यावर (बांधावर) टाकायच्या, का ऊन पडेस्तोवर हात लावू नये? आधी आडवं धान कापावं का कडपा सांभाळाव्या? दोन्हीकडे पुरतील एवढे मजूर नाहीत. त्यात उभ्या धानात पेरतात ती लाखोळीही (लाखेची डाळ) फेकून झाली होती. तिचं काय होते देव जाणे.

पुणेरी_चहा | १ नोव्हेंबर

प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचारतो. भाताला तर भरपूर पाणी लागतं ना? मग शेवटी पाऊस आला तर एवढं का बिघडतं?

डॉ_ढेकूळ | १ नोव्हेंबर

पुणेरी, बाळबोध कसला, आमच्या कॉलेजात तोंडी परीक्षेला हेच विचारायचे. (नावातल्या डॉक्टरवर जाऊ नका, मी साधा कृषी पदवीधर.)

धानाला पाणी लागतं ते पायाशी, आणि तेही दाणा भरेपर्यंत. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी शेतकरी स्वतःच बांधीतलं पाणी काढून देतो. डोक्यावर पडलेलं पाणी ही निराळी भानगड आहे. ते किती पडलं याला फारसं महत्त्व नाही, पिकाच्या कोणत्या दिवसावर पडलं ते बघायचं.

फुलोऱ्यात झड लागली तर दाणा धरतच नाही. धानाचं फूल सकाळी साधारण नऊ ते बाराच्या दरम्यान उघडतं, तेही थोडाच वेळ. नेमकं तेव्हा पाणी पडलं की परागकण वाया जातात आणि लोंबीत पोचट वाढतं. दाणा चिकात असताना पीक लोळलं तर पानं एकमेकांखाली दबतात, ऊन मिळत नाही, खोड मोडलेलं असेल तर वर अन्नही नीट चढत नाही. दाणा भरतो, पण हलका, पोटात पांढरा. बांधीकाठ यांचं जड धान या टप्प्याच्या थोडं पुढं दिसतं. ते वाचेल.

पिकलेल्या दाण्याची गोष्ट वेगळी. तो जिवंत आहे आणि त्याला उगवायचंच आहे. निसर्गानं त्याला काही काळ झोपवून ठेवलेलं असतं, तीच सुप्तावस्था. काही वाणांत ती काही आठवडे टिकते, काहींत जवळजवळ नसतेच, आणि लवकर येणाऱ्या बऱ्याच वाणांत ती कमी. झोप संपलेल्या दाण्यात पाणी ३० टक्क्यांच्या आसपास गेलं, वर ढगाळ उबदार हवा मिळाली, की आतली विकरं पिठाची साखर करायला लागतात आणि कोंब बाहेर येतो. लोंबी पाण्यात किंवा चिखलावर टेकलेली असेल तर हे दोन-तीन दिवसांत होतं. हवेत लोंबकळणारी लोंबी त्याच पावसात भिजते, पण वाऱ्यानं सुकत राहते म्हणून टिकते.

आता बांधीकाठ, तुम्हाला उत्तर. आधी मजूर शोधू नका, फावडं घ्या आणि उताराच्या बाजूला धुरा फोडून पाणी काढा. मग कडपा. जमिनीला टेकलेला दाणा तासातासानं जातो आहे. ऊन पडायची वाट बघू नका. उलटवून धुऱ्यावर, तणसावर (धानाच्या वाळल्या पेंढ्यावर), बांबूच्या आडव्या काठीवर, जिथं खालून हवा लागेल तिथं टाका. सकाळी दवात उलटवा, दुपारी कडकडीत वाळल्यावर हात लावला तर दाणे झडतात. आडवं धान त्यानंतर.

अडाणी_शेतकरी | १ नोव्हेंबर

ढेकूळ भाऊ, तुमचं पुस्तकातलं बरोबर असंल. पन मी उलटं सांगून राहिलो. कडपाईचं जे व्हायचं थे झालं. कोंब फुटला म्हंजे थे धान गेलं, त्याले उलटवा का पालटवा. जे अजून गेलं नाई थे आधी वाचवा. आडवं धान उद्या परवा पानी आलं त थे बी जाईन. मंग ना कडपा ना उभं.

अन दुसरं. युरिया. सारे म्हनतात हवेनं धान पाडलं. बाजूच्या धुऱ्यापलीकडलं काऊन नाई पडलं मंग? ज्यानं पोते भरभरून युरिया टाकला त्याचं धान हिरवंगार, लांबलचक, अन नरम. पयल्या वाऱ्यात झोपते. दाट रोवणी असली त अजूनच.

डॉ_ढेकूळ | २ नोव्हेंबर

अडाणी दादा, युरियाचं शंभर टक्के मान्य. नत्र जास्त झालं की खोडाच्या खालच्या पेरांची लांबी वाढते, भिंत पातळ राहते. वर लोंबीचं वजन, त्यात पावसाचं पाणी.

कडपांवर मात्र अर्धंच मान्य. एका कडपेतला सगळा माल जात नाही, खालचा थर जातो. वरचे दोन हिस्से अजून धान आहे. तो वेगळा काढता येतो, पण आजच. चार दिवसांनी तो खालच्यासारखाच होईल.

सिरोंचा_एक्सप्रेस | २ नोव्हेंबर

(सिरोंच्याला रेल्वे नाही, म्हणून नाव घेतलंय.)

आमचे अर्धे सोयरे गोदावरीपलीकडं तेलंगणात. तिकडं वादळाचा पाऊस नवा नाही, त्यामुळं तिथले लोक एक गोष्ट करतात, ती इकडं फारशी दिसत नाही: मिठाचं पाणी. पाऊस उघडला की लगेच ५ टक्के मिठाचं द्रावण, म्हणजे २०० लिटर पाण्यात १० किलो साधं मीठ, एकराला फवारतात. लोंब्यांवर नीट बसलं पाहिजे. खारट पाण्यामुळं दाण्याला आत पाणी ओढणं जड जातं, म्हणून कोंब निघायचा थांबतो किंवा लांबतो. निघालेला कोंब परत आत जात नाही हे उघड आहे. आंध्र-तेलंगणातली कृषी विद्यापीठं हीच शिफारस देतात, हा काही आमच्या सासुरवाडीचा जुगाड नाही.

लोळलेल्या धानाच्या चार-सहा चुडांची (ठोंबांची) एकत्र मोळी बांधून उभं करणं हेही तिकडं करतात. पण ते एक-दोन बांध्यांचं काम. पाच एकर कोण बांधणार?

बांधीकाठ | २ नोव्हेंबर

मिठाचं आज सकाळी केलं. किराणा दुकानदार विचारून राहिला, भाऊ, एवढं लोणचं कशाचं घालता? धुरा फोडून पाणीही काढलं. कडपा निम्म्या उचलल्या, बाकीच्या उद्या. अडाणी दादा, तुमचंही ऐकलं, दोन माणसं आडव्या धानावर लावली.

हार्वेस्टरचं कोणी सांगेल का? टायरवालं बांधीत फसते हे माहीत आहे.

अडाणी_शेतकरी | २ नोव्हेंबर

चैनवालं (टायराऐवजी पट्ट्यावर चालते थे) बोलवा. पन आडव्या धानात थे बी सारं उचलत नाई, लोंब्या खाली सुटतात. ज्या बाजूनं पडलं त्याच्या उलट्या बाजूनं चालवाले सांगा, जरा जास्त उचलते. अन तणस हातचं जाते, ध्यानात ठेवा. ज्याच्या घरी ढोरं हायेत त्यानं इचार करूनच बोलवावं.

वैनगंगा_तीर | २ नोव्हेंबर

मी गोंदियाकडचा, राइस मिलमध्ये बरीच वर्षं काढलेला. शेताची बाजू इथं ठीक चालली आहे, मी पुढची सांगतो, कारण पावसाचा खरा हिशेब गिरणीत होतो.

सरकारी खरेदी केंद्रावर धान नेलं की आधी ओलाव्याचा मीटर लागतो. ओलावा १७ टक्क्यांच्या वर असला की परत. मग चाळणी आणि डोळा. खराब, रंग गेलेला, कोंब आलेला आणि किडका दाणा मिळून ५ टक्क्यांपर्यंत चालतो. यंदा (२०२५-२६) साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे, पण तो या मापात बसणाऱ्याला. न बसणारा माल खाजगी व्यापाऱ्याकडं जातो, आणि तो काय भाव देतो ते सगळ्यांना माहीत आहे.

हे दिसणारं नुकसान. न दिसणारं याहून मोठं आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

समजा कडपा वाळत आल्या. दाण्याचा ओलावा १५-१६ वर उतरला. त्यावर पाऊस पडला. दाण्याचा बाहेरचा थर पटकन पाणी पिऊन फुगतो, गाभा अजून कोरडाच. या ओढाताणीत दाणा आतल्या आत आडवा चिरतो. वरचं टरफल शाबूत, रंग तोच, वजन तेच. कोंब नाही, काळेपणा नाही. ग्रेडर काय, ब्रह्मदेवही बाहेरून सांगू शकत नाही. गिरणीत पॉलिश बसला की तो दाणा दोन-तीन तुकडे होतो. शासनाची भरडाई असेल तर क्विंटल धानामागं ६७ किलो तांदूळ द्यायचा असतो, आणि अरव्यात, म्हणजे न उकडता भरडलेल्या तांदळात, कणीची मर्यादा २५ टक्के. चिरलेल्या मालात ती सांभाळता सांभाळता मिलवाल्याचा जीव जातो. म्हणून पावसात सापडलेल्या भागातलं चांगलं दिसणारं धानही व्यापारी पाडून मागतो. शेतकऱ्याला वाटतं लुटून राहिला. कधी लुटतोही. पण नेहमी नाही.

घरी बघायचं असेल तर वीस-पंचवीस दाणे बोटानं सोला, तुटू न देता. काचेच्या तुकड्यावर ठेवा, खालून मोबाईलचा टॉर्च लावा. चिरलेल्या दाण्यात आडवी बारीक रेघ चमकते. एका दाण्यात दोन-तीनही असतात. बारीक धानात, एचएमटी वगैरे, हा त्रास जास्त, दाणा मुळात सडपातळ असल्यामुळं.

पुणेरी_चहा | २ नोव्हेंबर

वैनगंगा, मग असा चिरलेला माल वाचतच नाही का? आम्ही इकडं एचएमटी घेताना अख्खा दाणा बघूनच घेतो, हे आता जरा अपराध्यासारखं वाटतंय.

वैनगंगा_तीर | ३ नोव्हेंबर

वाचतो, उष्णा करून. धान गरम पाण्यात भिजवून वाफ दिली की आतलं पीठ शिजून चिकट होतं आणि चिरा सांधल्या जातात. वाळवून भरडलं की दाणा अख्खा निघतो. पण काळा पडलेला दाणा उष्णा केला तरी काळाच, आणि कोंबलेल्याचं पीठ साखर होऊन गेलेलं असतं, त्याला वाफ देऊन काही होत नाही. शिवाय महाराष्ट्रात उष्णा खाणारे कमी.

आणि वाळवण्याची एक चूक सगळीकडं बघतो. ओलं धान चुरून (मळून) थेट डांबरी रस्त्यावर, भर दुपारी. खालून तापलेला डांबर, वरून ऊन. पाण्यानं नाही चिरलं ते यानं चिरतं. आधी मळणीच्या जागी पातळ पसरा, बोट-दोन बोटांचा थर, तासा-तासानं पाय फिरवा. रात्री झाकलं तर सकाळी लवकर उघडा. ओल्या ढिगाऱ्यावर ताडपत्री घट्ट आवळून दोन दिवस ठेवली तर आत हात घालवत नाही एवढी ऊब धरते. तो दाणा पिवळा पडतो आणि मग भरडून तांदूळही पिवळाच. पुंजण्याचंही, म्हणजे कडपांच्या गंजीचंही, तेच. ओल्या कडपांचं पुंजणं घालायचं नाही. घालावंच लागलं तर लहान घाला, लोंब्या आत, मुळाकडची बाजू बाहेर, खाली लाकडं टाकून.

वऱ्हाडी_मिरची | ३ नोव्हेंबर

धानवाल्यांचा धागा आहे, तरी घुसते. अकोट तालुका. आमच्याकडं हेच दुखणं ज्वारीला. सासरे सांगतात, जुनी गावरान ज्वारी उंच असायची, उशिरा यायची. दिवस लहान व्हायला लागले की मगच निसवायची. दाणा भरेस्तोवर पाऊस परत गेलेला असायचा, दाणा मोत्यावानी निघायचा. १९६४ ला सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला आणि त्याच्यामागून बाकीचे. उत्पन्न वाढलं हे खरंच, नाही म्हणणार नाही. पण लवकर येणारी ज्वारी म्हणजे पावसातच पिकणारी ज्वारी. सप्टेंबरच्या शेवटी झड लागली की कणसावर गुलाबी-काळी बुरशी चढते, दाणा काळा पडतो. भाकरी कडवट लागते, वासही येतो. बाजारात काळी ज्वारी म्हटलं की भाव निम्म्यावर, ती जाते कोंबडीखाद्याला नाही तर दारूच्या कारखान्याला.

उपाय एकच कामाचा. दाण्याच्या बुडाशी, जिथं तो कणसाला चिकटलेला असतो तिथं, काळा ठिपका दिसला की दाणा भरला. त्यानंतर तो वावरात उभा ठेवून काही मिळत नाही, फक्त बुरशी मिळते. कणसं तेव्हाच खुडून घरी आणायची आणि सुकवायची, कडबा मागून कापला तरी चालतो. आमच्याकडं लोक "अजून आठ दिवस वाळू दे" म्हणत थांबतात आणि त्या आठ दिवसांत माल काळा होतो.

आता ज्वारी पेरतं तरी कोण म्हणा. रोही (नीलगाय) खाते, डुकरं लोळतात, पाखरं टिपतात, उरलं तर पाऊस. सगळं वावर सोयाबीननं भरलं.

वाशीमचा_वाघ | ३ नोव्हेंबर

सोयाबीनचं नाव निघालंच आहे तर आमचंही ऐका! शेंगेतच कोंब...

बांधीकाठ | ३ नोव्हेंबर

वाघ, ऐकलं असतं, पण सोयाबीन आलं की धागा तिकडंच वाहून जाते. वेगळा काढा, मी पहिला येतो.

काळी_कसदार | ३ नोव्हेंबर

बुलडाण्याकडून मक्याचं थोडं. मक्याला कणसाचं पान झाकून असतं म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण पान ढिलं झालेल्या कणसात वरून पाणी उतरतं आणि आतच मुरतं. तोडलेल्या कणसांचा ढीग लावून वर ताडपत्री टाकली की आत हिरवट-पिवळी बुरशी. ही हसण्यावारी न्यायची नाही. तिच्यातलं अफलाटॉक्सिन जनावराच्या पोटातून दुधात उतरतं. बुरशीचा मका दुभत्या गाईला, "फेकण्यापेक्षा बरा" म्हणून घालणारे बघितलेत. घालू नका. हमीभावात ओलावा १४ टक्के मागतात, ते काढायला ढीग मोडून कणसं पसरणं याला पर्याय नाही.

तुमसरचा_नाना | ४ नोव्हेंबर

बांधीकाठ, बाकी सारं ठीक, पण ७२ तासांत विम्याच्या ॲपवर फोटो टाकला का? कापून वाळत ठेवलेल्या पिकाला १४ दिवस संरक्षण असते. आजच टाका.

तलाठी_नाही_मी | ४ नोव्हेंबर

नाना, ते गेल्या सालापर्यंतचं. व्हॉट्सॲपवर अजून फिरून राहिलं म्हणून सविस्तर लिहितो.

२०२३ पासून एक रुपयात विमा होता. यंदाच्या (२०२५) खरिपापासून तो बंद झाला, शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला २ टक्के. त्याबरोबर राज्यानं स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान ही जोड-कलमंही काढली. आता भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर. महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न ठरलेल्या उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेलं तरच सगळ्यांना मिळणार. तुमच्या एकट्याच्या बांधीचा फोटो कुणी विचारणार नाही.

सरकारी मदत वेगळी. तिथं पंचनामा लागतो, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर लागतं. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर अतिवृष्टी धरतात. दर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, ओलिताला १७,०००. यंदा सप्टेंबरच्या पुरानंतर दोन हेक्टरची मर्यादा तीन केली. पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येतात. ते येईपर्यंत कापलेलं उचलू नका असं काही गावांत सांगून राहिले. माझं मत विचाराल तर तारीख दिसेल असे फोटो काढा, एखाद्या कोपऱ्यात चार कडपा तशाच ठेवा, बाकीचं उचला. मदतीच्या आशेनं सगळं कुजवण्यात अर्थ नाही.

बांधीकाठ | ४ नोव्हेंबर

मला तर हा कापणी प्रयोगच खटकते. दहा बाय पाच मीटरचा तुकडा कापतात, चुरतात, वाळवून वजन करतात. वजन. वैनगंगांनी सांगितलेला चिरलेला दाणा वजनाला पुरा भरते. रंग गेलेलाही भरते. म्हणजे मंडळाचं उत्पन्न कागदावर चांगलंच दिसणार, विमा लागणार नाही, आणि तेच धान केंद्रावर नेलं की ग्रेडर म्हणणार चालत नाही. एका टेबलावर माझं पीक चांगलं आहे, दुसऱ्या टेबलावर खराब आहे, अन दोन्हीकडं मी मार खातो. उभं पीक झोपलं ते फोटोत तरी दिसते. हे कुठंच दिसत नाही.

वैनगंगा_तीर | ४ नोव्हेंबर

अगदी यासाठीच मी तो टॉर्चचा प्रकार लिहिला होता. पावसाचं माप मिलिमीटरमध्ये आणि पिकाचं क्विंटलमध्ये, प्रत कुठंच मोजत नाहीत. निदान ज्या मंडळात काढणीच्या वेळी पाऊस झाला तिथं प्रयोगाच्या मालाचा एक नमुना भरडून बघायला काय हरकत आहे? प्रत्येक तालुक्यात मिल आहे.

तलाठी_नाही_मी | ४ नोव्हेंबर

सूचना रास्त आहे, पण विमा उत्पन्नाचा आहे, प्रतीचा नाही. करारच तसा. प्रत आणायची तर केंद्राच्या योजनेतच बदल लागेल. त्यापेक्षा खरेदीत सूट मागणं सोपं. गेल्या वर्षी सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली होती, तसं धानाच्या रंगाला आणि कोंबाला मागता येईल. ग्रामसभेचा ठराव करून आमदाराकडं द्या, तोंडी सांगून होत नाही.

सिरोंचा_एक्सप्रेस | ५ नोव्हेंबर

लाखोळीचं कुणी उत्तर दिलं नाही. बांधीकाठ, पाणी दोन दिवसांत निघालं असेल तर लाखोळी टिकते, ओल मिळाल्यानं उलट बरी येते. जिथं तुंबलं तिथं बी कुजलं समजा. त्या जागी पाणी उतरल्यावर पुन्हा फेकायला अजून वेळ आहे, धान कापायच्या आत फेका. जवसाला एवढं पाणी सोसत नाही.

बियाण्याचंही बघा. या मालातलं घरचं बियाणं ठेवायचं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवून बघा. ८० च्या खाली उगवले तर ते खायला-विकायला, पेरायला नाही. एकदा कोंब येऊन वाळलेला दाणा परत उगवत नाही.

बांधीकाठ | ९ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार, कोण काय म्हणालं ते लक्षात ठेवून कामं केली. आतापर्यंतची स्थिती. पहिल्या दिवशी उचललेल्या कडपांचा खालचा थर वेगळा चुरला, तो कोंबांनी भरलेला आहे, कोंबड्यांना जाईल. वरचा माल वाळवून मीटरवर १६ दाखवते. टॉर्च लावून पाहिला, निम्म्याहून थोड्या कमी दाण्यांत रेघा आहेत. हा माल व्यापाऱ्यालाच द्यावा लागेल असं दिसते. मीठ मारलेल्या आडव्या धानात पाण्याला टेकलेल्या लोंब्या सोडल्या तर कोंब फार नाहीत. ते मिठानं का आधीच पाणी काढल्यानं, सांगता येत नाही, तुलनेला बिनमिठाची बांधी ठेवली नव्हती. जड धान उभं आहे, पण बुडाशी तुडतुडा दिसून राहिला.

एक शेवटचं. कडपांचं तणस काळपट पडलं आहे, कुबट वास येतो. दोन म्हशी अन एक गाभण गाय आहे. घालावं का?

डॉ_ढेकूळ | ९ नोव्हेंबर

तुडतुड्यासाठी बांधी कोरडी ठेवा. ओळींत वाट पाडून बुडाशी हवा जाऊ द्या. कापणी जवळ असेल तर फवारणीच्या भरीला पडू नका, औषध आणि कापणी यात जे अंतर ठेवावं लागतं तेवढे दिवसच उरलेले नसतात.

तणसाबद्दल, काळं आणि वास मारणारं घालू नका. बुरशीच्या तणसानं म्हशींना देगनाला नावाचा आजार होतो. शेपटीचं टोक, कान, खुरांच्या वरची कातडी काळी पडते, सुकते आणि झडते. थंडीच्या दिवसांत जास्त. गाभण गाईला तर अजिबात नको. वरवर भिजलेलं, पण आतून पिवळं असलेलं तणस वेगळं काढा, दोन दिवस उन्हात उलटसुलट वाळवा, झटकून घ्या आणि दुसऱ्या चाऱ्यात थोडं थोडं मिसळून द्या. काळं झालेलं उकिरड्यात टाका. कुठल्याही म्हशीचे पाय सुजलेले दिसले तर तणस त्याच दिवशी बंद करा आणि पशुवैद्यकाला बोलवा.

अडाणी_शेतकरी | ९ नोव्हेंबर

काळं तणस आमच्या गावात आळिंबीवाला नेत व्हता, यंदा थो बी नाई म्हनते. उकिरड्यातच टाका. अन तुमच्याकडं चैनवाला हार्वेस्टर मोकळा झाला त नंबर मले मेसेज करा, इथं नका टाकू. माह्या जड धानाले आठ दिसात लागन.